वाचकांचे प्रश्न : जॅक निकलस यांचे १८ विजय आणि १९ उपविजेतेपदे

अमेरिकेचे गोल्फपटू जॅक निकलस यांनी मेजर स्पर्धांत मिळवलेल्या १८ विजेतेपदांचा उल्लेख या सदरात मागे एका उत्तरात ओझरता आला होता. त्यावर मुंबईच्या निरनिराळ्या भागांतून पत्रे आली. बहुतेकांचे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे न देता फक्त राहण्याचे ठिकाण दिले आहे.

प्रश्न (गिरगाव, निवृत्त शिक्षिका) : मी गोल्फ खेळलेले नाही, फक्त टीव्हीवर पाहते. निकलस यांच्या मेजर विजयांची संख्या आपण १८ दिली, पण माझ्याकडच्या एका जुन्या इंग्रजी कात्रणात त्याहून मोठा आकडा आहे. खरे काय समजायचे? मेजर कशाला म्हणतात, हेही सोप्या शब्दांत सांगावे.

गोल्फमध्ये ज्याला कमी फटके लागतात तो पुढे असतो, इथून सुरुवात करू. मैदानावर १८ होल असतात आणि प्रत्येक होलमध्ये चेंडू घालण्यासाठी किती फटके लागले ते मोजले जाते. एखाद्या होलसाठी जेवढे फटके अपेक्षित धरलेले असतात त्या संख्येला पार म्हणतात. त्याहून एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी लागले तर ईगल आणि एक जास्त लागला तर बोगी. मेजर स्पर्धा चार दिवस चालते, रोज एक फेरी, म्हणजे एकूण ७२ होल. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर मागे पडलेले खेळाडू गळतात. पुढची उत्तरे वाचायला एवढी ओळख पुरेल.

वर्षात अशा चार स्पर्धा होतात : एप्रिलमध्ये मास्टर्स, मे महिन्यात पीजीए चॅम्पियनशिप, जूनमध्ये यूएस ओपन आणि जुलैमध्ये आपल्याकडे ब्रिटिश ओपन म्हणून ओळखली जाणारी ओपन. निकलस यांच्या काळात पीजीए सहसा ऑगस्टमध्ये, म्हणजे सर्वांत शेवटी होत असे. मास्टर्स दरवर्षी जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा नॅशनल या एकाच मैदानावर होते, बाकी तिन्ही स्पर्धांची मैदाने दरवर्षी बदलतात.

आपल्या कात्रणात २० हा आकडा असेल, तर तो त्या काळच्या पद्धतीला धरून आहे. निकलस यांनी व्यावसायिक होण्याआधी १९५९ आणि १९६१ मध्ये यूएस अमॅच्युअर ही हौशी खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती, आणि त्या काळी तिलाही मेजरचा मान होता. यामागे बॉबी जोन्स यांची थोरवी होती. जोन्स आयुष्यभर हौशी खेळाडू राहिले, आणि त्यांच्या १३ मेजर विजेतेपदांत पाच यूएस अमॅच्युअर व एक ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा होती. तरुण निकलस यांच्यापुढे गाठायचा आकडा हाच १३ होता. १९७३ मध्ये क्लीव्हलँडजवळच्या कँटरबरी मैदानावर त्यांनी पीजीए चॅम्पियनशिप जिंकली तेव्हा ते जोन्स यांच्या पुढे गेले, कारण १२ व्यावसायिक आणि दोन हौशी मिळून त्यांची संख्या १४ झाली होती. पुढे मोठे खेळाडू लवकर व्यावसायिक होऊ लागले, हौशी स्पर्धा या हिशेबातून बाहेर पडल्या आणि १८ हा आकडा रूढ झाला. त्यात मास्टर्स सहा वेळा (१९६३, १९६५, १९६६, १९७२, १९७५, १९८६), पीजीए पाच वेळा (१९६३, १९७१, १९७३, १९७५, १९८०), यूएस ओपन चार वेळा (१९६२, १९६७, १९७२, १९८०) आणि ब्रिटिश ओपन तीन वेळा (१९६६, १९७०, १९७८) येते. जुना आणि नवा हे दोन्ही आकडे आपापल्या काळात बरोबर आहेत.

प्रश्न (दादर) : क्रिकेटमध्ये ब्रॅडमन यांची ९९.९४ ही सरासरी सांगितली की पुढे काही बोलावे लागत नाही. निकलस यांच्याबाबत विजयांची संख्या सांगितली जाते, पण ते किती स्पर्धा खेळले हे कुणी सांगत नाही. तसे मोजले तर त्यांचा विक्रम केवढा भरतो?

निकलस एकूण १६४ मेजर स्पर्धा खेळले. मात्र १८ ला १६४ ने भागून येणारे उत्तर फसवे ठरेल, कारण त्यात विद्यार्थीदशेतल्या स्पर्धा आहेत तशाच साठीनंतरच्याही आहेत. २००५ मध्ये सेंट अँड्रयूज येथे शेवटची ब्रिटिश ओपन खेळले तेव्हा ते ६५ वर्षांचे होते. शेवटच्या होलवर बर्डी करून त्यांनी प्रेक्षकांचा निरोप घेतला.

त्यांचा खरा पल्ला १९६२ ते १९८० असा धरावा. या १९ वर्षांत ७६ मेजर स्पर्धा झाल्या, निकलस त्यांतली एकही चुकले नाहीत आणि १७ जिंकले, म्हणजे पाच स्पर्धांमागे एकाहून थोडे अधिक. याच काळात ते १५ वेळा दुसरे आले. दोन्ही मिळून ७६ पैकी ३२ स्पर्धांत त्यांच्यापुढे कुणीही नव्हते किंवा फार तर एकाच क्रमांकाने कुणी पुढे होते. शंभरावर खेळाडू उतरतात, वारा-पावसाचा कल दर तासाला बदलतो आणि चेंडूची एक वाईट उसळी चार दिवसांच्या श्रमांवर पाणी फिरवते, अशा खेळात हे प्रमाण जवळजवळ अविश्वसनीय आहे.

माझा जीव मात्र विजयांपेक्षा त्यांच्या सातत्यात अधिक गुंततो. १९७० ते १९७९ या दशकातल्या ४० मेजर स्पर्धांपैकी ३५ मध्ये निकलस पहिल्या दहांत होते, आणि त्यांतल्या आठ त्यांनी जिंकल्या. ब्रिटिश ओपनमध्ये तर १९६६ पासून १९८० पर्यंत सलग १५ वर्षे ते पहिल्या सहांच्या बाहेर गेले नाहीत. स्कॉटलंड-इंग्लंडच्या किनाऱ्यांवरची ही मैदाने ओहायोत वाढलेल्या खेळाडूसाठी घरची नव्हती. तिथे समुद्राचा वारा असतो, जमीन कडक असते आणि उंच उडवलेला चेंडू वारा कुठेही नेऊन टाकतो. निकलस तर उंच फटक्यांसाठीच ओळखले जात. आपल्या बलस्थानाला न मानवणाऱ्या जमिनीवर १५ वर्षे पाय रोवून उभे राहणे ही गोष्ट, माझ्या मते, १८ या आकड्याइतकीच मोठी आहे.

कारकिर्दीचा गोळाबेरीज हिशेब असा : १८ वेळा पहिले, १९ वेळा दुसरे, पहिल्या तिघांत ४६ वेळा, पहिल्या पाचांत ५६ वेळा आणि पहिल्या दहांत ७३ वेळा.

प्रश्न (मुलुंड, महाविद्यालयीन विद्यार्थी) : स्पष्ट विचारतो, राग मानू नये. १९ वेळा दुसरा येणारा खेळाडू शेवटच्या क्षणी कच खातो, असे का म्हणू नये?

राग येण्याचे काहीच कारण नाही. हा प्रश्न विचारल्याशिवाय निकलस यांचा विक्रम पुरता कळतच नाही. कुणी कच खाल्ली का, याचे उत्तर त्या १९ स्पर्धांच्या शेवटच्या दिवसांतच शोधावे लागते.

या १९ पैकी चार वेळा ली ट्रेव्हिनो आणि चार वेळा टॉम वॉटसन जिंकले. उरलेल्या ११ मध्ये आर्नोल्ड पामर यांनी दोनदा बाजी मारली, तर गॅरी प्लेअर, जॉनी मिलर, सेव्ह बॅलेस्टरोस यांच्यासह नऊ वेगवेगळ्या खेळाडूंनी एकेकदा. म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या तीन पिढ्या झाल्या. पामर १९६० मध्ये डेन्व्हरच्या चेरी हिल्स मैदानावर २८० फटक्यांत यूएस ओपन जिंकले, तेव्हा २८२ फटक्यांसह दुसरा आलेला खेळाडू २० वर्षांचा हौशी निकलस होता. शेवटचे उपविजेतेपद १९८३ च्या पीजीएमधले, हॅल सटन यांच्या मागे. पामर थकले, ट्रेव्हिनो मागे पडले, पुढे वॉटसनही मावळले, आणि त्या प्रत्येकाला जिंकण्यासाठी ज्यांना मागे टाकावे लागले ते निकलस तिथेच होते.

आता १९७७ ची टर्नबेरी पाहू. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या ब्रिटिश ओपनमध्ये पहिल्या तीन दिवसांचे निकलस यांचे फटके होते ६८, ७० आणि ६५. वॉटसन यांचेही ६८, ७० आणि ६५. शेवटच्या दिवशी दोघे एकत्र खेळायला निघाले. १५ व्या होलवर वॉटसन यांचा चेंडू ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, बाहेर होता. तिथून त्यांनी पटर (चेंडू जमिनीवरून होलकडे ढकलायची काठी) वापरून साधारण ६० फूट अंतरावरून तो होलमध्ये घातला आणि बरोबरी साधली. १७ व्या होलवर निकलस यांचा एक छोटा पट, म्हणजे पटरने होलकडे मारलेला फटका, हुकला आणि वॉटसन एका फटक्याने पुढे गेले. १८ व्या होलवर निकलस यांचा पहिला फटका उजवीकडे काटेरी झुडपांपाशी, दाट गवतात जाऊन पडला. वॉटसन यांनी दुसरा फटका होलपासून जेमतेम दोन फुटांवर आणून ठेवला. सामना संपला असेच सगळ्यांना वाटले. निकलस यांनी त्या गवतातून अंगातली सगळी ताकद लावून चेंडू ग्रीनच्या कडेपर्यंत काढला आणि तिथून ३० फुटांहून लांबचा पट होलमध्ये घातला. आता वॉटसन यांचा दोन फुटांचा पट उरला होता. जल्लोष करणाऱ्या गर्दीला निकलस यांनी हात वर करून शांत केले, कारण प्रतिस्पर्ध्याला आपला पट शांततेत खेळता यायला हवा होता. वॉटसन यांनी तो घातला.

वॉटसन २६८, निकलस २६९. तिसऱ्या क्रमांकावरचे ह्यूबर्ट ग्रीन होते २७९ वर, म्हणजे निकलस यांच्याही दहा फटके मागे. शेवटच्या दोन दिवसांत ६५ आणि ६६ फटक्यांत फेऱ्या पूर्ण करून जो हरतो त्याने कच खाल्ली असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मैदानावरून बाहेर पडताना त्यांनी वॉटसन यांच्या खांद्यावर टाकलेला हात आजही छायाचित्रांत पाहायला मिळतो.

कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या १७ व्या होलचे उदाहरण मला याहूनही बोलके वाटते. समुद्राला लागून असलेल्या या छोट्या होलवर १९७२ च्या यूएस ओपनमध्ये, शेवटच्या दिवशीच्या जोरदार वाऱ्यात निकलस यांनी वन आयर्न हा हाताळायला अवघड क्लब (गोल्फची काठी) काढला. चेंडू एकदा टप्पा घेऊन थेट झेंड्याच्या काठीवर आदळला आणि होलपासून काही इंचांवर थांबला. ते जिंकले. दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, त्याच स्पर्धेत, त्याच होलवर, वॉटसन यांनी ग्रीनलगतच्या दाट गवतातून चेंडू अलगद उचलून सरळ होलमध्ये घातला. निकलस तेव्हा आपली फेरी संपवून बरोबरीत बसले होते. त्यांच्या हातात काहीच उरले नव्हते. गोल्फमध्ये प्रतिस्पर्ध्याला अडवता येत नाही, त्याचा चेंडू थोपवता येत नाही. आपल्याला शक्य तेवढे उत्तम खेळून झाल्यावरही दुसरे यावे लागते.

चुका त्यांनीही केल्या, आणि टर्नबेरीच्या १७ व्या होलवरचा तो छोटा पट त्यांतलाच. पण सगळे पराभव अशा चुकांच्या खाती टाकता येत नाहीत. मेजर स्पर्धा जिंकायला एका अर्थी सोप्या असतात, कारण दडपणाखाली बहुतेक खेळाडू स्वतःहूनच बाद होतात, असे निकलस यांनी अनेकदा सांगितले आहे. त्यांची तयारीही त्याच विचाराने होई. स्पर्धेच्या आधी मैदानावर जाऊन ते सराव करीत, अंतरे टिपून ठेवीत आणि वर्षभराचे खेळणे या चार आठवड्यांभोवती आखत. धोका कुठे पत्करायचा आणि कुठे मुकाट्याने पार घेऊन पुढे सरकायचे, हे त्यांचे आधीच ठरलेले असे. म्हणून ते इतक्यांदा शेवटच्या दिवशी शर्यतीत असत, आणि इतक्यांदा शर्यतीत असणाऱ्याच्या वाट्याला पराभवही इतकेच येणार.

प्रश्न (चेंबूर) : माझे वडील इथल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवर कॅडी होते. खेळाडूचे नाव होते, कॅडीचे कुणाला आठवत नाही, असे ते म्हणत. निकलस यांच्या विक्रमात कॅडींचा वाटा किती? १९८६ च्या मास्टर्समध्ये त्यांचा मुलगा कॅडी होता, हे खरे का?

हो, खरे आहे. (कॅडी म्हणजे खेळाडूची काठ्यांची बॅग वाहणारा आणि मैदानावर सल्ला देणारा मदतनीस.) आपल्या वडिलांचे म्हणणेही खरे आहे, म्हणूनच आधी एक नाव इथे नोंदवतो : विली पीटरसन. ऑगस्टा नॅशनलवर १९८२ पर्यंत असा नियम होता की मास्टर्स खेळणाऱ्याने त्या क्लबचाच कॅडी घ्यायचा, आपला नेहमीचा माणूस आणायचा नाही. हे कॅडी स्थानिक कृष्णवर्णीय होते. तिथल्या ग्रीनचे उतार डोळ्यांना दिसतात त्याहून वेगळे वळतात, आणि ते त्यांना पाठ असत. निकलस यांच्या पहिल्या पाचही मास्टर्स विजयांत, १९६३ पासून १९७५ पर्यंत, त्यांची बॅग पीटरसन यांच्या खांद्यावर होती. निकलस यांचा पट होलमध्ये पडताच हवेत उडी मारणारे पीटरसन त्या काळच्या छायाचित्रांत दिसतात. १९८३ पासून नियम बदलला आणि खेळाडू आपापले कॅडी आणू लागले. त्यामुळेच १९८६ मध्ये थोरला मुलगा जॅकी वडिलांची बॅग घेऊ शकला.

निकलस तेव्हा ४६ वर्षांचे होते. शेवटचे मेजर विजेतेपद १९८० चे, आणि त्या हंगामाची सुरुवातही वाईट झाली होती. ते आता संपले आहेत, अशा आशयाचा मजकूर अटलांटाच्या एका वर्तमानपत्रात स्पर्धेआधी छापून आला. त्यांच्या मित्राने त्याचे कात्रण ते राहत होते त्या घराच्या फ्रिजवर चिकटवले. आठवडाभर ते कात्रण त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

१३ एप्रिलच्या रविवारी शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा ते आघाडीवरच्या ग्रेग नॉर्मन यांच्या चार फटके मागे होते. पहिल्या आठ होलपर्यंत विशेष काही घडले नाही. नवव्या होलवर बर्डी, दहाव्यावर बर्डी, अकराव्यावर बर्डी. बाराव्यावर बोगी झाली, आणि त्या बोगीनेच आपण खऱ्या अर्थाने जागे झालो, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. तेराव्यावर पुन्हा बर्डी. १५ वा होल पार पाचचा, समोर तळे. चेंडू होलपासून २०२ यार्डांवर होता. इथे तीन फटक्यांत काम झाले तर कुठवर जाता येईल, असे त्यांनी मुलाला विचारले. फोर आयर्नचा फटका तळ्यावरून जाऊन ग्रीनवर थांबला आणि निकलस यांनी तो पट घातला : ईगल. १६ व्या होलवर फाइव्ह आयर्नचा फटका मारला आणि चेंडू खाली येण्याआधीच ते टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) उचलायला वाकले. इतक्या लांबचे त्यांना नीट दिसत नव्हते, पण फटका नेमका बसला आहे हे हातांना कळले होते. चेंडू होलपासून साधारण तीन फुटांवर थांबला. १७ व्यावर बर्डीचा पट होलकडे जात असताना त्यांनी मोठ्या डोक्याचा तो पटर डाव्या हाताने उंच धरला. ते छायाचित्र गोल्फ पाहणाऱ्या प्रत्येकाला ओळखीचे आहे.

मागच्या, म्हणजे १० ते १८ या, नऊ होलमध्ये ३० फटके, फेरीत ६५, स्पर्धेत २७९. मागून येणाऱ्यांपैकी बॅलेस्टरोस यांचा चेंडू १५ व्या होलवर तळ्यात गेला, टॉम काइट यांचा शेवटचा पट हुकला, आणि ओळीने चार बर्डी करून बरोबरीत आलेल्या नॉर्मन यांचा १८ व्या होलवरचा फटका उजवीकडे प्रेक्षकांत गेला. निकलस एका फटक्याने जिंकले. मास्टर्स जिंकणारा याहून अधिक वयाचा खेळाडू अजून झालेला नाही. त्या दुपारी जॅकीने ग्रीनवर उतार वाचायला मदत केली, अंतरे सांगितली, आणि वडिलांना डोके स्थिर ठेवायची आठवण करून दिली. फटके निकलस यांचे होते, पण बापलेकांनी हिरवळीवर मारलेली ती मिठी पाहिली की वाटा मोजत बसावेसे वाटत नाही.

प्रश्न (विक्रोळी) : चारही मेजर एकाच वर्षात जिंकणे निकलस यांना जमले का?

नाही, आणि आजवर कोणत्याही व्यावसायिक पुरुष खेळाडूला जमलेले नाही. १९३० मध्ये बॉबी जोन्स यांनी एका वर्षात चार मेजर जिंकल्या, पण त्या वेळच्या चारांत दोन हौशी स्पर्धा होत्या. निकलस सर्वांत जवळ आले ते १९७२ मध्ये. मास्टर्स आणि यूएस ओपन जिंकून ते म्युरफील्डला ब्रिटिश ओपन खेळायला गेले. शेवटच्या दिवशी सहा फटके मागे असताना त्यांनी ६६ ची फेरी केली, पण ट्रेव्हिनो यांनी १७ व्या होलवर ग्रीनबाहेरून चेंडू थेट होलमध्ये घातला आणि २७८ विरुद्ध २७९ अशा एका फटक्याच्या फरकाने ती स्पर्धा गेली. टायगर वूड्स यांनी २००० मधल्या शेवटच्या तीन आणि २००१ ची मास्टर्स अशा चार ओळीने जिंकल्या. चारही चषक एकाच वेळी त्यांच्याकडे होते, पण वर्षे दोन होती.

प्रश्न (बोरिवली) : आमच्या पिढीला टायगर वूड्स हेच सर्वश्रेष्ठ वाटतात. केवळ तीन मेजर कमी म्हणून त्यांना दुसरे स्थान देणे न्याय्य आहे का?

केवळ तेवढ्यावरून दिले तर न्याय्य नाही. एका खेळाडूने एखाद्या काळात गाठलेली सर्वांत मोठी उंची हा निकष लावला, तर मी विनासंकोच वूड्स यांचे नाव घेईन. १९९७ ची मास्टर्स त्यांनी १२ फटक्यांनी जिंकली. २००० ची यूएस ओपन, पुन्हा त्याच पेबल बीचवर, १५ फटक्यांनी जिंकली. मेजर स्पर्धेत निकलस यांचा सर्वांत मोठा फरक १९६५ च्या मास्टर्समधला, नऊ फटक्यांचा. वूड्स यांनी शेवटच्या फेरीआधी आघाडी घेतली की ती कुणाला हिसकावता येत नसे. अशा पहिल्या १४ पैकी १४ स्पर्धा त्यांनी जिंकल्या, आणि २००९ च्या पीजीएमध्ये दक्षिण कोरियाच्या वाय. ई. यांग यांनी ही मालिका तोडली. वूड्स यांच्या काळात जगभरातून आलेल्या चांगल्या खेळाडूंची संख्याही अधिक होती, हा त्यांच्या चाहत्यांचा मुद्दा मला पटतो.

तरीही मेजर स्पर्धांतला एकूण विक्रम कुणाचा मोठा, असे विचाराल तर माझे मत निकलस यांच्या बाजूने आहे. वूड्स १५ वेळा पहिले आणि सात वेळा दुसरे आले, म्हणजे एकूण २२. निकलस यांची हीच बेरीज ३७ आहे. तीन विजयांचा फरक भरून निघू शकला असता, पण या १५ च्या फरकात २० वर्षांचा जिवंत खेळ आहे. १४ वे विजेतेपद मिळाले तेव्हा वूड्स ३२ वर्षांचे होते आणि निकलस ३५ वर्षांचे. वूड्स यांनी ते २००८ मध्ये टॉरी पाइन्सवर, गुडघ्याचा स्नायुबंध तुटलेला आणि पायाच्या हाडाला तडे गेलेले असताना, रोको मेडिएट यांच्याशी ७२ होलनंतर बरोबरी झाल्यामुळे ९१ व्या होलपर्यंत झुंजून मिळवले. त्या जिद्दीपुढे नतमस्तक व्हावे लागते. पण शरीराने पुढे साथ दिली नाही आणि १५ वे विजेतेपद यायला २०१९ उजाडले. निकलस यांनी ३५ नंतर चार जिंकल्या. शरीर टिकणे हा नशिबाचा भाग असतो, हे मान्य. पण विक्रम लिहिताना टिकून राहण्याला किंमत द्यावीच लागते.

वूड्स यांनी लहानपणी आपल्या खोलीत निकलस यांनी कोणत्या वयात काय साधले याची यादी लावली होती, हे आपल्या पिढीलाही ठाऊक असेल. कारकिर्दीत चारही मेजर किमान तीन-तीनदा जिंकणारे आजवर हे दोघेच आहेत. एकदा तरी चारही जिंकणाऱ्यांत जीन साराझेन, बेन होगन आणि गॅरी प्लेअर यांच्यानंतर २०२५ च्या एप्रिलमध्ये रोरी मॅकिलरॉय यांचे नाव जोडले गेले.

प्रश्न (अंधेरी) : भारतीय खेळाडूंची मेजरमधली सर्वोत्तम कामगिरी कोणती? आणि या स्पर्धा मुंबईत थेट पाहायच्या तर किती वाजता?

अनिर्बन लाहिरी २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवे आले, ती सर्वोत्तम. त्याआधी जीव मिल्खा सिंग २००८ च्या पीजीएमध्ये संयुक्त नववे होते, आणि २०२३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये शुभंकर शर्मा संयुक्त आठवे आले.

वेळेचे म्हणाल तर ब्रिटिश ओपन आपल्याला सर्वांत सोयीची : रविवारची शेवटची फेरी आपल्याकडे साधारण रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास संपते. मास्टर्ससाठी मात्र रात्र जागवावी लागते. ऑगस्टा नॅशनलवर रविवारी संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा मुंबईत सोमवारी पहाटेचे साडेचार झालेले असतात. ज्यांना अख्खी रात्र जागणे शक्य नाही त्यांनी दोनच्या सुमारास गजर लावून उठावे. आघाडीवरचे खेळाडू मागच्या नऊ होलकडे वळण्याची ती वेळ असते, आणि तिथली स्पर्धा बहुतेकदा त्या नऊ होलमध्येच ठरते.